वाखाला पकड हवी!

घायपाताचा धागा प्लास्टिकमध्ये घातला की प्लास्टिक खरंच दणकट होतं का? फायनल इयरचं प्रोजेक्ट शोधणाऱ्या आणि ‘टाकाऊपासून स्टार्टअप’ काढू म्हणणाऱ्या सातारा-सांगलीच्या तमाम मंडळींसाठी थोडा हिशेब.

दहिवडीहून म्हसवडकडे किंवा कवठेमहांकाळहून जतकडे एसटीनं जात असाल, तर पाच मिनिटं मोबाइल खिशात ठेवा आणि खिडकीबाहेर बघा. शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठाला, माळावर तलवारीसारखी जाड पाती फुटलेली झुडपं दिसतील. प्रत्येक पात्याच्या टोकाला काटा. हे घायपात. काही गावांत याला केकताड म्हणतात. गुरं तोंड लावत नाहीत, पाणी द्यावं लागत नाही, दुष्काळातही टिकून राहतं. कुंपणापलीकडे याचा काही उपयोग असेल असं आपल्या पिढीतल्या कुणाला वाटत नाही.

आता या पात्याच्या आत डोकवा. गर काढून टाकला की आतून पांढरट, चिवट, हातभर लांब धागे निघतात. हा वाख. नायलॉन यायच्या आधी गावगाडा अक्षरशः या वाखाला बांधलेला होता. बैलाचा कासरा, मोटेचा नाडा, विहिरीवरचा दोर, चऱ्हाट, शिंकं, सगळं वाखाचं नाहीतर अंबाडीचं.

हाच वाख आज इंजिनीअरिंग कॉलेजात पोचलाय. मेकॅनिकल, सिव्हिल किंवा प्रॉडक्शनच्या फायनल इयरवाल्या दोस्तांना विचारा. ‘नॅचरल फायबर कंपोझिट’ हा शब्द प्रोजेक्टच्या यादीत कुठे ना कुठे सापडतोच. कुणी घायपात घेतं, कुणी नारळाचा काथ्या, कुणी उसाचं बगॅस. प्लास्टिकमध्ये धागा मिसळायचा, पट्टी तयार करायची, मशीनवर ती तोडायची, आलेख काढायचा, व्हायवा द्यायचा. त्यानंतर ती पट्टी बहुतेक वेळा कपाटात जाते आणि पुढच्या बॅचला पुन्हा तोच विषय मिळतो.

मी मास कॉमवाली. बारावीनंतर फिजिक्सशी माझा रीतसर काडीमोड झालेला. तरी या विषयात अडकले, कारण प्रश्न साधा आहे आणि आपल्या मातीतला आहे. माण, खटाव, जत, आटपाडीच्या कोरड्या बांधावर उगवणाऱ्या या धाग्यात कारखान्यानं विकत घ्यावं इतका दम आहे का? की ‘इको-फ्रेंडली’ हे नुसतं लेबल आहे?

एका धाग्याला किती वजन?

आधी ताकद म्हणजे काय ते बघू. इंजिनीअर मंडळी ताण मेगापास्कलमध्ये मोजतात. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा आहे. एक चौरस मिलिमीटर जागेवर साधारण शंभर ग्रॅम वजन टांगलं, की झाला एक मेगापास्कल.

घायपाताच्या चांगल्या धाग्याची ताकद साधारण ४०० ते ७०० मेगापास्कल भरते. म्हणजे एक चौरस मिलिमीटर जाडीच्या जुडीला चाळीस ते सत्तर किलो! एकेकटा धागा मात्र फार बारीक असतो. त्याचा व्यास ०.२ मिलिमीटर धरला आणि ताकद ५०० मेगापास्कल, तर तो दीड किलोच्या आसपास वजन पेलतो. घरी करून बघण्यासारखं आहे. वाखाचा एक धागा घ्या आणि त्याला एक लिटर पाण्याची भरलेली बाटली हळूच टांगा. एखादा धागा आरामात पेलेल, दुसरा पटकन तुटेल. ही गंमत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुलना करू. बादल्या, खुर्च्या, गाडीचे बंपर ज्यापासून होतात त्या पॉलिप्रॉपिलीनची ताकद जेमतेम ३० मेगापास्कलच्या घरात. तागाच्या धाग्याची ४०० ते ८००. नारळाचा काथ्या त्यामानानं कमजोर, दीड-दोनशे. आणि या सगळ्यांचा दादा म्हणजे काचेचा धागा, ग्लास फायबर. तो सहज २००० च्या पुढे जातो. म्हणजे नुसत्या ताकदीच्या शर्यतीत वाख काचेला हरवतो असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. हरवत नाही.

मग जगभर माणसं या धाग्यांच्या मागे का लागलीत? कारण वजन. काचेचा धागा पाण्याच्या अडीचपट जड, तर वाख किंवा ताग दीडपटीच्या आतच. वस्तू वाकते किती, हे तिच्या जाडीवर फार अवलंबून असतं. पट्टीची जाडी दुप्पट केली की ती वाकवायला आठपट जोर लागतो. हलका माल वापरला तर तेवढ्याच वजनात जाड पट्टी बनते, आणि जाड पट्टी कमी वाकते. गाडीच्या दाराचं आतलं पॅनल, डॅशबोर्डमागचा पत्रा, बसच्या सीटची पाठ, यांना हत्तीएवढी ताकद लागत नाही. त्यांना ताठ राहायचं असतं आणि हलकं राहायचं असतं. तिथे वाख काचेच्या बरोबरीला बसू शकतो.

शिवाय काचेच्या धाग्याचा चुरा अंगाला टोचतो, खाजवतो, साच्याचं लोखंड आणि कापायची पाती झिजवतो. वाखाचं तसं नाही. अर्थात घायपाताचा ओला रसही अंगाला भयंकर खाजतो, हे पाती सोललेल्या माणसाला सांगायला नको. पण धागा धुऊन वाळला की तो त्रास संपतो.

दोर वळणाऱ्यांना ठाऊक होतं

आता मुद्द्यावर येऊ. धागा ५०० मेगापास्कलचा आणि प्लास्टिक ३० चं. दोन्ही मिसळलं तर ताकद मधे कुठेतरी, दोन-अडीचशेवर यायला हवी ना? कागदावर तसं वाटतं. प्रत्यक्षात आखूड धागे मिसळलेली पट्टी मशीनवर लावली, की ताकद कधी थोडी वाढलेली दिसते, कधी जिथल्या तिथे, आणि कधी चक्क साध्या प्लास्टिकपेक्षाही कमी. कितीतरी प्रोजेक्ट ग्रुपचा चेहरा इथेच पडतो.

असं का होतं, याचं उत्तर दोरात आहे. वाखाचा धागा हातभर, पण विहिरीचा दोर पन्नास हात. तुकड्यांतून इतका लांब दोर बनतो तो पिळामुळे. पीळ दिला की धागे एकमेकांना आवळतात. ओढ बसली की आणखी आवळतात. एक धागा जिथे संपतो तिथे शेजारचे धागे त्याचा भार उचलतात. पीळ सैल असेल तर धागे न तुटता नुसते सरकतात आणि दोर सुटतो. म्हणजे दोराची ताकद धाग्यात जितकी असते तितकीच पकडीत असते.

हे ज्ञान आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजातल्या कुटुंबांनी सांभाळलं. पाती कापायची, पाण्यात कुजत घालायची, झोडपायची, धुवायची, वाळवायची, मग पीळ द्यायचा. बेंदराला बैलाच्या गळ्यात नवा कोरा कासरा पडायचा तो याच हातांचा. कोणत्या कामाला किती पीळ आणि किती पदर, हे त्यांना बोटांनी कळायचं. नायलॉनचा दोर बाजारात आला, मोटा गेल्या, बैल कमी झाले आणि हा धंदा बसला. त्या ज्ञानाला ‘इंजिनीअरिंग’ म्हणायची आपल्याला कधी गरज वाटली नाही.

कंपोझिटमध्ये पिळाचं काम प्लास्टिक करतं. तेच धाग्याला चारी बाजूंनी धरून ठेवतं आणि आपल्यावरचा भार धाग्याकडे पोचवतं. पण इथे एक अडचण आहे. वाखाला पाणी आवडतं आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्याला जवळ करत नाही, त्याचा स्वभाव तेलासारखा. दोघांचं मुळात जमतच नाही. वरून बघितलं तर धागा प्लास्टिकमध्ये छान बुडालेला दिसतो, पण आत दोघांमध्ये बारीक फट असते. ओढ बसली की पडक्या भिंतीतून खुंटी निघावी तसा धागा सरळ बाहेर येतो.

म्हणून पट्टी तुटल्यावर ती लगेच फेकू नका. तुटलेली कड भिंगाखाली धरा. लांब लांब धागे बाहेर लोंबताहेत आणि शेजारी गोल रिकामी भोकं दिसताहेत, तर समजा पकड कमी पडली. धागे कडेच्या जवळच तुटलेत, तर समजा पकड जमली. आकड्याइतकीच ही कड महत्त्वाची आहे.

पकड जमवायची कशी?

सगळ्यांत जुना उपाय कॉस्टिक सोड्याचा. १८४४ च्या सुमारास जॉन मर्सर नावाच्या इंग्रज माणसानं सुती कापड कॉस्टिक सोड्यात बुडवून बघितलं आणि १८५० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. ‘मर्सराइज्ड’ सुताचं नाव त्याच्यावरूनच पडलं. वाखाच्या बाबतीत हलक्या द्रावणात धागा काही तास भिजवतात. वरचं मेण, चिकट द्रव्यं आणि काही लिग्निन निघून जातं, धाग्याचा पृष्ठभाग खरखरीत होतो, जुडीतले बारीक तंतू मोकळे होतात. खरखरीत भिंतीला गिलावा चांगला बसतो, तसंच हे. मात्र द्रावण जास्त तेज झालं किंवा वेळ जास्त झाला, तर धाग्याचा कणा असलेलं सेल्युलोजच खराब होतं. पकड वाढते आणि धागा मरतो. शिवाय कॉस्टिक सोडा कातडी जाळतो. हातमोजे आणि चष्म्याशिवाय हिरोगिरी नको, आणि ते पाणी थेट ओढ्यात ओतायचं नाही.

दुसरा उपाय म्हणजे मध्यस्थ. मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन दोन-चार टक्के मिसळतात. याच्या रेणूचं एक टोक धाग्याशी दोस्ती करतं, दुसरं प्लास्टिकमध्ये मिसळून जातं. गावात दोन घरांचं बोलणं बंद असेल तर दोन्हीकडे ऊठबस असलेला एखादा काका लागतो ना, तेच काम.

पकड सुधारली की काय होतं याचा एक साधा हिशेब करू. धाग्याची ताकद पूर्ण कामी यायची तर त्याची लांबी एका मर्यादेपेक्षा जास्त हवी. धागा ०.२ मिलिमीटर जाड, ताकद ५०० मेगापास्कल, आणि पकड ५ मेगापास्कल धरली, तर ती लांबी येते १० मिलिमीटर. पकड १० मेगापास्कल झाली की ५ मिलिमीटरही पुरतात. इंजेक्शन मोल्डिंगच्या मशीनमधला स्क्रू धाग्याचे तुकडे करतच पुढे ढकलतो. साच्यात पोचेपर्यंत धागा काही मिलिमीटरचाच उरतो. म्हणजे पकड नसेल तर त्या तुकड्यांचा उपयोग भरावापुरता.

ताठपणाचं गणित मात्र थोडं दिलासा देणारं आहे. पॉलिप्रॉपिलीनचा ताठपणा दीड गिगापास्कल धरा, वाखाचा पंधरा. आकारमानानं ३० टक्के धागा घातला आणि सगळे धागे ओढीच्या दिशेला सरळ लावले, तर ताठपणा साडेपाचच्या आसपास जाईल. धागे वाटेल तसे आडवेतिडवे पडले तरी पावणेतीनपर्यंत येतो. म्हणजे मूळ प्लास्टिकच्या जवळजवळ दुप्पट. म्हणूनच या मालाबद्दल ‘जास्त ताठ होतो’ हे बिनधास्त म्हणता येतं. ‘जास्त मजबूत होतो’ म्हणायला पकडीचा पुरावा लागतो.

आणि ताठ झालं म्हणजे चिवट झालं असंही नाही. साधी प्लास्टिकची बादली पडली तर आधी दबते, मग फुटते. धागा घातलेलं प्लास्टिक कमी ताणलं जातं, त्यामुळे धक्क्यानं लवकर तडकू शकतं. तासगावच्या द्राक्षांचा किंवा महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा क्रेट टेम्पोतून कसा आदळला जातो हे तुम्ही बघितलंच असेल. तिथे ताण-चाचणीचा आकडा दाखवून चालणार नाही, आघात-चाचणी दाखवावी लागेल. इथे गरीब बिचारा काथ्या भाव खाऊन जातो. ताकद कमी, पण तुटण्याआधी तो पंधरा टक्क्यांहून जास्त ताणला जातो. प्रत्येक धाग्याचा गुण वेगळा, तसं कामही वेगळं.

पाऊस आणि आग

आता सातारा-सांगलीकरांना सांगायला नको असा विषय. पाणी.

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि माण-खटावच्या पट्ट्यात पाचशेच्या आसपास. घायपात वाढतं कोरड्या बाजूला, पण त्याची वस्तू विकायची असेल तर ती ओल्या बाजूलाही टिकायला हवी. वाख हवेतलाच ओलावा स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत पिऊन बसतो. प्लास्टिकमध्ये बंद असला तरी कापलेल्या कडेतून, तडेतून पाणी शिरतं. धागा फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो, पुन्हा फुगतो. दर खेपेला धागा आणि प्लास्टिकमधली फट थोडी मोठी होते आणि मेहनतीनं मिळवलेली पकड सैल पडते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. पूर ओसरल्यावर घराघरांतून बाहेर काढलेली ती फुगलेली कपाटं, पापुद्रे सुटलेले दरवाजे आठवतात? लाकडाच्या भुशाचे ते बोर्ड होते. प्लास्टिकमधला वाख इतक्या लवकर फुगत नाही, पण दुखणं एकाच जातीचं. त्यामुळे कोरड्या पट्टीचा आकडा दाखवणारं प्रोजेक्ट अर्धंच म्हणायचं. पट्टी पाण्यात बुडवून, पुसून, वजन करून, पुन्हा तोडून दाखवा.

दुसरी मर्यादा उष्णतेची. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे वनस्पतीचा धागा करपायला लागतो. पॉलिप्रॉपिलीन १६५ च्या आसपास वितळतं, म्हणून दोघांचं जमू शकतं. पण खिडकी अरुंद आहे. तापमान थोडं चढलं की माल तपकिरी पडतो आणि वास सुटतो. बगॅस नीट धुतलं नसेल तर उरलेली साखर जळते आणि काहील करपलेल्या गुऱ्हाळाची आठवण येते. नायलॉन किंवा पाण्याच्या बाटलीचं पेट वितळायला अडीचशे अंश लागतात. तिथे वाखाचा कोळसाच.

‘फुकट’ काहीच नसतं

प्रोजेक्ट रिपोर्टच्या पहिल्या पानावर हमखास एक वाक्य असतं, ‘हा धागा म्हणजे शेतीतला फुकटचा कचरा आहे.’ जरा थांबा.

एक टन ऊस गाळला की सुमारे २८० ते ३०० किलो ओलं बगॅस निघतं, त्यात निम्मं पाणी. साखराळ्याला, रेठरे बुद्रुकला, सांगलीत कारखान्यांसमोर त्याचे डोंगर दिसतात. पण ते कचरा म्हणून पडलेलं नसतं. तेच बॉयलरमध्ये जळतं, त्याच्या वाफेवर कारखाना चालतो, उरलेली वीज विकली जाते. तुम्ही ते मागायला गेलात तर तुमची स्पर्धा त्या विजेशी आहे. बगॅसपासून बोर्ड बनवण्याचा उद्योग आपल्या शेजारी, सोलापूर जिल्ह्यात वेळापूरला इकोबोर्डनं उभा केला. म्हणजे रस्ता आहे, पण तो ‘फुकट’ या शब्दावरून जात नाही.

तागाचंही तसंच. उसाच्या आधी शेतकरी ताग पेरतो तो फुलोऱ्यात गाडायला, हिरवळीचं खत म्हणून. धाग्यासाठी तो जास्त दिवस उभा ठेवला, तर जमिनीचं खत गेलं आणि पुढची लागण लांबली. याची भरपाई कोण करणार?

आणि घायपात? पात्याच्या वजनात धागा असतो तीन-चार टक्के. एक टन पाती कापली तर हातात पडतात ३० ते ४० किलो वाख. जतच्या बांधावरून ट्रकभर पाती कुपवाडच्या एमआयडीसीत आणायची म्हणजे भाडं देऊन मुख्यतः पाणी आणि गर वाहून आणायचा. म्हणून पाती सोलायचं यंत्र शेताजवळच हवं. पण धागा धुवायला पाणी लागतं, आणि गोष्ट आहे टँकर बघणाऱ्या गावांची. हा पेच मशीनवरच्या पट्टीत दिसत नाही, पण धंदा उभा राहणार की नाही हे इथेच ठरतं.

हे सगळं घाबरवायला सांगत नाहीये. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापसावर काम करणारी, आता सिरकॉट नावाची केंद्रीय संस्था आहे. तिथे कापसाच्या पऱ्हाट्यांपासून बोर्ड करायची पद्धत बसवली गेली. भोपाळच्या सीएसआयआरच्या प्रयोगशाळेत घायपातासाठी स्वतंत्र केंद्र आहे. मर्सिडीजनं १९९० च्या दशकात गाडीच्या दाराच्या आतल्या पॅनलमध्ये ताग वापरला आणि २००५ च्या सुमारास ए-क्लासच्या स्टेपनीच्या खाचेचं बाहेरून दिसणारं आवरण अबाकाच्या, म्हणजे केळीच्या भावकीतल्या झाडाच्या धाग्याचं केलं. काम जमतं. नीट जागा निवडली की जमतं.

उलटं उदाहरणही आहे. पूर्व जर्मनीची ट्राबांट गाडी. १९५७ ते १९९१ या काळात तीसएक लाख गाड्या बनल्या, आणि त्यांची बॉडी होती वाया जाणारा कापूस आणि फिनॉलिक रेझिन दाबून केलेली. गंजत नव्हती, हलकी होती. पण गाड्या भंगारात निघाल्या तेव्हा कळलं, हा माल ना वितळवता येतो, ना सहज कुजतो. ‘नैसर्गिक धागा आहे’ म्हणजे वस्तू निसर्गात विरघळेल असं नसतं. ३० टक्के वाख घातलेलं पॉलिप्रॉपिलीन हे उरलेलं ७० टक्के प्लास्टिकच आहे. प्लास्टिक कमी वापरलं, एवढंच खरेपणानं म्हणता येतं. तेही काही कमी नाही.

प्रोजेक्ट करताय? मग हे विचारा

• धागा कुठला? नुसतं ‘सिसल’ लिहू नका. कोणत्या गावचा, किती वर्षांच्या झुडपाचा, पात्याच्या बुंध्याकडचा की शेंड्याकडचा, कसा सोलला, ते लिहा. बाटलीचा प्रयोग आठवा. एकाच पात्यातले दोन धागे सारखे नसतात.

• पट्ट्या किती तोडल्या? ताण-चाचणीची नेहमीची पट्टी १६५ मिलिमीटर लांब, मधे १३ मिलिमीटर रुंद, डंबेलच्या आकाराची. निदान पाच तरी तोडा. सगळ्यात चांगला आकडा छापू नका. सरासरी द्या आणि आकडे किती वरखाली झाले तेही द्या.

• तुलना कशाशी? त्याच मशीनवर, त्याच दिवशी नुसत्या प्लास्टिकची पट्टी तोडली का? पुस्तकातला आकडा उचलून तुलना होत नाही.

• ओली चाचणी केली का? आणि धक्क्याची?

• वस्तू कोणती? ‘ऑटोमोबाइल क्षेत्रात उपयोग होईल’ हे उत्तर नाही. साताऱ्याच्या किंवा मिरजेच्या एमआयडीसीतल्या कुठल्या वर्कशॉपला, कुठला भाग, किती वजनाचा, हे सांगा.

• धागा सोलणाऱ्याला किलोमागे किती पडले पाहिजेत म्हणजे त्याला हे काम परवडेल?

शेवटचा प्रश्न मेकॅनिकलच्या सिलॅबसमध्ये नाही. पण सांगलीचं वालचंद १९४७ पासून, कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६० पासून आणि साखराळ्याचं राजारामबापू इन्स्टिट्यूट १९८३ पासून इथे इंजिनीअर घडवतंय. त्यांच्या गेटपासून दोन-तीन तासांच्या अंतरावर घायपाताचे बांध आहेत, आणि काही घरांत अजून अशी वयस्कर माणसं आहेत ज्यांना वाखाचा पोत नुसत्या बोटांनी कळतो. आता येणाऱ्या सुटीत गावी जाल तेव्हा एखाद्या आजोबांकडे बसा. कोणती पाती कापायची, किती दिवस कुजवायची, कुठला वाख दोराला चालतो आणि कुठला नाही, हे विचारून वहीत उतरवून घ्या. त्यांनी निवडलेला आणि तुम्ही निवडलेला, दोन्ही धागे एकाच मशीनवर तोडून बघा. त्यांच्या धाग्याचा आकडा वर आला, तर रिपोर्टमध्ये त्यांचंही नाव लिहा. आणि धागा वापरला असेल तर त्याचे पैसेही द्या.